पणजोबा सापडतात, पणजी कुठे गेली?

एक कोरा कागद घ्या आणि खाली मधोमध आपलं नाव लिहा. त्याच्या वरच्या ओळीत आई आणि वडील. त्याच्या वर दोन्ही आजोबा, दोन्ही आज्या. इथपर्यंत पेन थांबणार नाही. आता त्याच्या वरची ओळ घ्या. चार पणजोबा आणि चार पणज्या, मिळून आठ नावं हवीत. किती आली? वडिलांच्या बाजूचे एक पणजोबा बहुतेकांना ठाऊक असतात. फार तर आणखी एखादं नाव आठवतं. बाकीच्या जागा रिकाम्या!

गंमत अशी की त्यातली बरीच नावं हरवलेली नाहीत. ती कुठे तरी शाईनं लिहिलेली आहेत आणि कुठल्या तरी कचेरीतल्या, शाळेतल्या कपाटात धूळ खात पडली आहेत. ती हुडकायची कशी, ते आज पाहू. उदाहरणासाठी आपण खानदेशातलं शिंदखेडा घेऊ. तुमचं गाव दुसरं असलं तरी रीत हीच.

शिंदखेडाच का? तर हे धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. या गाडीनं इथली कितीतरी कुटुंबं कामधंद्यासाठी सुरतेला गेली आणि तिथेच राहिली. त्यांची मुलं, नातवंडं सुरतेत जन्मली, गुजरातीही फाडफाड बोलू लागली. गाव उरलं ते लग्नापुरतं नाहीतर देवकार्यापुरतं. अशा घरातल्या मुलानं किंवा मुलीनं विचारलं, "आपण मूळचे कुठले? आपले पणजोबा काय करायचे?" तर शोधाची सुरुवात कुठून करायची?

सुरुवात घरातून

पहिला नियम असा, की माहीत असलेल्या नावापासून माहीत नसलेल्या नावाकडे जायचं आणि एका वेळी एकच पायरी मागे जायचं. कुणी तरी शूर सरदार पकडून "तो आमचा पूर्वज असणार" असं म्हणत खाली उतरायचं नाही. तसं केलं की वाटेत हमखास घोटाळा होतो.

पहिली पायरी म्हणजे घरातली म्हातारी माणसं. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. आजी अहिराणी बोलत असेल तर अहिराणीतच विचारा, "आजी, तुनं माहेर कोनतं शे?" आपल्या बोलीत विचारलं की माणूस मोकळेपणानं बोलतो. "तुमचा जन्म कोणत्या साली?" असं विचारू नका. उत्तर येणार नाही. त्याऐवजी "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात? लग्न झालं होतं का?" असं विचारा. मग उत्तर येईल, "मोठा मुलगा कडेवर होता." झालं! १९७२ साली मूल कडेवर होतं, म्हणजे लग्न त्याआधी दोन-तीन वर्षं तरी झालेलं असणार. असे मोठे प्रसंग म्हणजे आठवणींचं कॅलेंडरच.

आणखी एक काळजी घ्या. खानदेशात घराघरात आबा, नाना, आप्पा, बापू असतात. जन्मभर ज्यांना सगळ्यांनी 'आप्पा' म्हटलं, त्यांचं कागदावरचं नाव साफ वेगळं असू शकतं. म्हणून हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव अशी दोन्ही लिहून घ्या. आडनावाचंही तसंच. खानदेशात 'पाटील' लावणारी अनेक घरं आहेत. त्यांतल्या एखाद्या घराचं जुन्या कागदावरचं आडनाव बोरसे, देसले किंवा निकम निघू शकतं. आणि बऱ्याच जुन्या कागदांवर तर आडनाव नसतंच.

शाळेचं जाडजूड रजिस्टर

दुसरी पायरी म्हणजे शाळा. प्रत्येक शाळेत एक 'जनरल रजिस्टर' असतं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचा त्यात एक क्रमांक. नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, कधी आला, कधी आणि का शाळा सोडली, सगळं एका ओळीत. तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची माहिती याच रजिस्टरातून उतरवलेली असते. आजोबा गावच्या शाळेत दुसरीपर्यंत जरी शिकले असतील, तरी त्यांची ओळ तिथे असणार आणि त्या ओळीत त्यांच्या वडिलांचं नाव असणार.

पण एक गंमत लक्षात ठेवा. तुमच्या आजोबांचा वाढदिवस १ जून आहे का? शेजारच्या आजोबांचाही? त्या काळी शाळेत नाव घालताना पालकांना नेमकी तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी पोराकडे बघत, वयाचा अंदाज घेत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे दाखल्यावरचं साल अंदाजाचं असू शकतं. नाव आणि गाव मात्र सहसा खरं.

जमिनीचे कागद बोलतात

तिसरी पायरी शेतीची. सात-बारा उतारा तुम्ही घरात पाहिला असेल. गावचा हिशेब निरनिराळ्या नमुन्यांत ठेवतात. त्यांतला नमुना सात आणि नमुना बारा एकत्र, म्हणून सात-बारा. आजच्या उताऱ्यावर आजची नावं असतात. पण प्रत्येक नावाबरोबर फेरफाराचा क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे मागच्या काळात उघडणारं दार! फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर का गेली, ते तिथे लिहिलेलं असतं. अमुक अमुक मयत झाले, त्यांचे वारस हे हे. एका फेरफारावरून त्याच्या आधीचा, त्यावरून त्याच्याही आधीचा, असं करत तीन-चार पिढ्या मागे जाता येतं.

हे कागद वाचताना काही शब्द अडतात. त्यांची ही छोटी किल्ली जवळ ठेवा :

बिन किंवा वलद – अमक्याचा मुलगा.
कोम – अमक्याची बायको.
भ्र. – भ्रतार, म्हणजे नवरा.
अ.पा.क. – अज्ञान पालन करणारा किंवा करणारी. वारस लहान असला की त्याच्या वतीनं हे नाव लागतं.
ए.कु.मॅ. – एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे घरातला कर्ता.

समजा, 'तुकाराम बिन भिका' असं नाव सापडलं. भिकाचा मुलगा तुकाराम. चटकन उड्या मारू नका! आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे एकाच गावात दोन तुकाराम बिन भिका असू शकतात, एवढंच काय एकाच घरातसुद्धा. म्हणून एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही. गट नंबर जुळतो का, भावांची नावं जुळतात का, साल बसतं का, हे दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायचं.

कोतवाल बुक

चौथी पायरी सगळ्यात मजेची. आज जन्माची आणि मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे होते. त्याच्याही आधी गावात अशी वही असे. कोण जन्मलं, कोण वारलं याची ती नोंद. लोक तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. हाच गाव नमुना चौदा. जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये ठेवलेल्या असतात. अर्ज करून नक्कल मागावी लागते. अर्ज घरातल्या मोठ्या माणसानं करायचा. गाव आणि साधारण साल सांगता आलं नाही, तर शोध गवतात सुई शोधल्यासारखा होतो. म्हणूनच घरी बसून केलेली पहिली पायरी महत्त्वाची!

या वहीत जन्माच्या नोंदीपुढे बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. वडिलांचं नाव, जात आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. बरोबरच आहे. नोंद झाली तेव्हा बारसं कुठे झालं होतं?

मृत्यूच्या नोंदी वाचताना मात्र गप्प व्हायला होतं. १९१८ च्या पावसाळ्यानंतर आपल्याकडे इन्फ्लुएंझाची साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणायचे. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं दगावली असा अंदाज आहे. त्याआधी १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला होता. विक्रम संवत १९५६, म्हणून तो छप्पनचा दुष्काळ. खानदेशाला त्याची झळ फार बसली. पणजोबांच्या भावंडांची नावं अचानक कागदावरून नाहीशी झाली, तर साल बघा. कारण कदाचित तिथेच असेल.

जुन्या कागदांवर शके घातलेलं असलं तर गोंधळू नका. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शके १८४० म्हणजे १९१८. मराठी वर्षाच्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत मात्र ७९ मिळवायचे.

मोडी आणि बदललेले पत्ते

आता दोन अडथळे. पहिला लिपीचा. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी ही मराठीचीच लिपी, भरभर लिहिता यावी अशी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती अनेकांच्या हातात होती. मग शाळेतून गेली आणि वाचणारे कमी झाले. २०२३ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना एकदम भाव आला! तुमच्यापैकी कुणी सुट्टीत मोडी शिकलं तर ते कौशल्य वाया जाणार नाही. मुळाक्षरं आणि काही सवयी समजल्या की हळूहळू वाचता येतं.

दुसरा अडथळा पत्त्याचा. गाव जागेवरच असतं, पण तालुका-जिल्ह्याची नावं बदलतात. एकोणिसाव्या शतकात खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिमचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तालुक्याचंही तसंच. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये 'विरदेल' नावाचा तालुका आहे. आज विरदेल हे शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव आहे. तेव्हा पणजोबांच्या कागदावर 'तालुके विरदेल, जिल्हा खानदेश' दिसलं तर ते दुसरीकडचे कुणी असतील असं समजून कागद बाजूला टाकू नका.

जुने कागद किती मोलाचे, हे धुळ्याला फार पूर्वीच कळलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली दफ्तरं गोळा करत. १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

आयर्लंडमध्ये लागलेली आग

सुरतेतल्या मुलांना पडणारा प्रश्न जगात आणखी कुणाला पडतो ठाऊक आहे? आयर्लंडमधून बाहेर पडलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना. १८४५ पासून तिथे बटाट्याचं पीक रोगानं बुडालं आणि भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. बरीचशी अमेरिकेला. आज त्यांचे वंशज आपलं मूळ गाव शोधायला आयर्लंडची दफ्तरं धुंडाळतात.

पण तिथे एक मोठी दुर्घटना झाली. डब्लिन शहरात देशाचे जुने कागद एका इमारतीत जमा करून ठेवले होते. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, तिथे स्फोट झाला आणि आग लागली. कित्येक शतकांचे कागद जळाले. जुन्या जनगणनेची पानं जळाली. तिथे आणून ठेवलेल्या चर्चच्या पुष्कळ वह्याही जळाल्या.

मग लोक पूर्वज शोधतात कसे? तीन मार्गांनी. पहिला, सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदी. त्या तिथे १८६४ पासून सगळ्यांच्या होऊ लागल्या. दुसरा, जमीन-घरपट्टीसाठी केलेली मोजणी. १८४७ ते १८६४ या काळात कोणाकडे कुठली जमीन आहे त्याच्या याद्या झाल्या होत्या. ओळखीचं वाटतं ना? आपला सात-बाराच जणू! करासाठी केलेला कागद वंशावळीच्या कामी आला. आणि तिसरा मार्ग कॅथलिक चर्चच्या वह्या. त्या गावोगावच्या चर्चमध्येच राहिल्या होत्या, डब्लिनला नेलेल्या नव्हत्या. म्हणून वाचल्या! २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्या वह्यांची छायाचित्रं संगणकावर सर्वांसाठी खुली केली. आणि आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, जळालेल्या कागदांच्या जगभर विखुरलेल्या प्रती गोळा करून एक नवं दफ्तर संगणकावर उभं केलं.

यातून आपण काय घ्यायचं? कागदाची एकच प्रत ठेवू नये. आजोबांचं जुनं खातेपुस्तक, पिवळी पडलेली पत्रिका, लग्नाची आमंत्रणं, यांचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा. मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकचं लॅमिनेशन तर मुळीच नको.

पणजी कुठे आहे?

त्या चर्चच्या वह्यांमध्ये एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुतेक वेळा आईचं माहेरचं आडनावही असतं. म्हणजे एका ओळीवरून दोन घराण्यांच्या वाटा फुटतात.

आपल्या कागदांत बघा. वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. बिन, बिन, बिन. बायका कुठे गेल्या? लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलायचं. काही घरांत तर पहिलं नावही बदलायचं. माहेरच्या कागदावरून ती गेली आणि सासरच्या कागदावर लगेच आली नाही. मग ती आली कधी? बहुधा नवरा वारल्यावर! तेव्हा 'कोम' लागून तिचं नाव येतं. किंवा मुलं लहान असली तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' म्हणून. तरुणपणी नवरा गेलेली, लहान मुलांच्या वतीनं तलाठ्यासमोर अंगठा उठवणारी पणजी तुम्हाला अशा एका ओळीत भेटू शकते.

तिला शोधायच्या आणखी दोन वाटा आहेत. पहिली, तिच्या माहेरच्या जमिनीचे फेरफार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांच्या वारसांत मुलींचीही नावं लागू लागली. पुढे बऱ्याच बहिणींनी भावांसाठी हक्क सोडला, पण हक्कसोड झाल्याची नोंद राहिली. तिच्यात बहिणीचं नाव सापडतं, बहुधा सासरच्या नावानिशी. दुसरी वाट, तिच्या माहेरच्या गावची शाळा. ती दोन इयत्ता जरी शिकली असेल, तरी रजिस्टरात तिचं माहेरचं नाव आहे.

कचेऱ्यांबाहेरही वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावानुसार यात्रेकरूंच्या नामावळी असतात. काही समाजांत भाट पिढ्यान्पिढ्यांची वही घेऊन घरी येतात. गोव्यात आणि वसईत चर्चच्या वह्या आहेत. तिथे गेलात तर मुद्दाम विचारा, "यात बायकांची नावं आहेत का?"

कागदच नसेल तर?

हा सगळा खेळ वाटेल, पण काही मुलांसाठी तो खेळ नसतो. दहावी-बारावीनंतर जातीचा दाखला आणि पडताळणी करताना जुना पुरावा मागतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. ज्यांच्या आजोबांकडे जमीन होती, जे शाळेत गेले, त्यांना तो सापडतो. पण ज्यांच्याकडे ना जमीन ना शाळा, जे ऊसतोडीला किंवा दुसऱ्याच्या शेतात राबायला गावोगाव गेले, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कोतवाल बुकातली 'मुलगा' एवढी एक ओळसुद्धा सोन्याहून मोलाची असते. वर्गात कुणाचा कागद सापडत नसेल तर त्याला हसू नका. तुम्ही शिकलेल्या युक्त्या त्याला सांगा. आणि कुणाची जात, कुणाचा वंश शोधून मोठेपणा मिरवायला ही विद्या वापरू नका.

जुन्या वहीतल्या रिकाम्या जागा आता आपल्या हातानं भरता येणार नाहीत. पुढच्या वहीचं मात्र तसं नाही. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या बाळाच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, अशी नोंद करायचं ठरलं आहे. तुम्ही त्याआधी जन्मलात. तेव्हा तुमच्या घरची वही तुम्हालाच लिहावी लागेल. एक दोनशे पानी वही आणा. प्रत्येक माणसाला एक पान. नाव, माहेरचं नाव, गाव, साल आणि ही माहिती कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदावर मिळाली तेही लिहा. ऐकीव असेल तर 'ऐकीव' लिहायला लाजू नका.

आणि पहिलं पान आजीचं असू द्या. कचेरीतलं रजिस्टर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण आजी जे सांगू शकते ते दुसऱ्या कुठल्याच कपाटात ठेवलेलं नाही. तेव्हा या रविवारी तिच्याजवळ बसा आणि विचारा, तिच्या आईचं नाव काय होतं?